एकाच गुलबक्षीवर चार तऱ्हेची फुलं. कलम नाही, खत नाही, मग हे होतं कसं?

कोयनाकाठ | २१ ऑगस्ट, संध्या. ७:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज लिहायला कारण मिळालं.

आमच्या कराडच्या घरी मागच्या दारी, न्हाणीचं पाणी जातं त्या पाटाच्या कडेने गुलबक्षी माजली आहे. सासूबाईंनी कधीकाळी चार बिया टोचल्या होत्या. आता दरवर्षी पाऊस पडला की कंदातून आपापल्या फुटतात, कुणी काही करावं लागत नाही. बहुतेक झाडं राणी रंगाची, दोन पांढरी. मात्र भिंतीच्या कोपऱ्यातलं एक झाड पिवळं आहे आणि त्याने मला वेड लावलंय.

गेला आठवडाभर मी रोज पाच वाजता चहा घेऊन त्याच्यापाशी बसते. काल सगळी फुलं मोजली. एकूण ४३. त्यांतली २६ पिवळी आणि अंगावर लाल शिंतोडे, रंगपंचमीला पिचकारीचे उडावेत तसे. ९ निव्वळ पिवळी. ५ अशी, की देठापासून कडेपर्यंत लाल पाचर घुसलेली. त्यांतलं एक तर बरोबर अर्धं लाल आणि अर्धं पिवळं, मधली रेघ पट्टीने आखावी इतकी सरळ. उरलेली ३ संपूर्ण लाल, आणि ती तिन्ही एकाच फांदीवर!

सासूबाई म्हणतात, शेजारच्या राणी झाडाचा परागकण लागला म्हणून असं झालं. शेजारच्या काकू म्हणतात, साबणाच्या पाण्याने रंग उडाला. मला दोन्ही पटत नाही. परागकण लागून आज उमललेल्या फुलाचा रंग बदलेल कसा? आणि साबणाचं पाणी सगळ्याच झाडांना जातं. कुणाला नीट माहीत असेल तर सांगाल का?

---

रानजाई | २१ ऑगस्ट, रात्री ९:०५

ताई, वाचूनच त्या वासाची आठवण झाली. आम्ही लहानपणी या फुलांची सुईदोऱ्याशिवाय वेणी करायचो. लांब नळ्या एकमेकींत गुंतवत जायच्या आणि तिन्हीसांजेला देवापुढे ठेवायची. काळी मिऱ्यासारखी बी फोडून आतलं पांढरं पीठ गालाला लावायचो. (लहान मुलं जवळ असतील तर लक्ष ठेवा, बी आणि कंद पोटात जाणं चांगलं नाही.)

माझं माहेर बेळगावकडचं. तिथे कन्नड बोलणारे शेजारी हिला संजेमल्लिगे म्हणायचे. शिंतोड्यांचं झाड आमच्याकडेही होतं, पण असं मोजून कधी पाहिलं नाही. मीही उत्तराची वाट बघते.

---

गच्चीवरची_बाग | २२ ऑगस्ट, सकाळी ८:१५

मातीच्या आम्लतेचा परिणाम असू शकतो का? हायड्रेंजाचं तसंच असतं ना, आम्ल माती असली की फुलं निळी, नाहीतर गुलाबी. साबणाचं पाणी अल्कधर्मी, त्यामुळे काकूंच्या बोलण्यात तथ्य असेल.

---

मातीतला_माणूस | २२ ऑगस्ट, दुपारी १:३०

मी तासगावकडचा, घरची शेवंती आहे. माझा अनुभव सांगतो. खतापाण्याने, उन्हाने, थंडीने फुलाचा रंग फिका-गडद होतो, पण तो सगळ्या फुलाचा होतो. असे कापून काढल्यासारखे पट्टे खताने येत नाहीत. शेवंतीच्या वाफ्यात कधीमधी पिवळ्या झाडाला एखादी फांदी वेगळ्याच रंगाची येते. आम्ही तिचे शेंडे खुडून वेगळे लावतो. तो रंग टिकतो, वाण वेगळा होतो. म्हणजे बदल मातीत झालेला नसतो, त्या फांदीतच झालेला असतो. कसा, ते मला माहीत नाही.

---

सूक्ष्मदर्शी | २२ ऑगस्ट, रात्री १०:५०

मातीतला_माणूस यांनी अर्धं उत्तर देऊनच टाकलंय. मी तीस वर्षं महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि दरवर्षी हा विषय आला की वर्गात गुलबक्षीची फुलं घेऊन जायचो. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी आम्लतेचा मुद्दा. स्वयंपाकघरात करून बघा. गोकर्णाची फुलं पाण्यात चुरडून लिंबू पिळा, निळं पाणी जांभळं होतं. ते अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य. जास्वंद, गुलाब, जांभूळ, लाल कोबी यांत तेच असतं आणि आम्ल किंवा अल्कली लागली की ते लगेच रंग बदलतं. हायड्रेंजातही तेच आहे, फक्त तिथे मातीतलं अॅल्युमिनियम झाडात शिरून निळेपणा आणतं. आम्ल मातीत अॅल्युमिनियम विरघळतं म्हणून आम्लतेचा संबंध.

गुलबक्षीत मात्र अँथोसायनिन नसतंच. तिच्यात बीटातलं रंगद्रव्य असतं, बेटालेन. बीट, लाल माठ, कोंबडा, निवडुंग, ऑफिस टाइम, बोगनवेल आणि गुलबक्षी ही सगळी या बाबतीत एका गोतातली. एकाच झाडात अँथोसायनिन आणि बेटालेन दोन्ही आहेत असं निसर्गात आजवर कुठेही सापडलेलं नाही. बीटाच्या कोशिंबिरीत लिंबू पिळल्यावर तिचा रंग बदलतो का? नाही. तसंच गुलबक्षीचं. कोयनाकाठ ताई, लाल फुलाच्या पाण्यात एकदा लिंबू आणि एकदा पानाचा चुना घालून बघा आणि इथे लिहा.

आता पट्ट्यांकडे येतो. बेटालेन दोन प्रकारचं असतं, पिवळं आणि लाल-जांभळं. दोन्हींची सुरुवात टायरोसिन या एकाच साध्या अमिनो आम्लापासून होते. पेशी त्यापासून बेटालॅमिक आम्ल बनवते. त्याला एखादं अमिनो आम्ल जोडलं गेलं की पिवळा रंग. तेच आम्ल सायक्लो-डोपा नावाच्या दुसऱ्या रेणूशी जोडलं गेलं की लाल. म्हणजे लाल रंगासाठी पेशीला एक जास्तीचा रेणू तयार करावा लागतो आणि तो तयार करणारं विकर (एन्झाइम) एका ठरावीक जनुकाकडून येतं. ते जनुक बंद पडलं, की पेशी पिवळी राहते.

तुमच्या झाडात ते जनुक बंद आहे. पण मोडलेलं नाही, अडवलेलं आहे. डीएनएचा एक तुकडा येऊन त्या जनुकाच्या मध्येच बसलाय. वाक्याच्या मधोमध भलताच परिच्छेद घुसावा आणि वाक्याचा अर्थच लागू नये, तसं. या तुकड्याची खोड अशी, की तो एका जागी राहत नाही. पेशी वाढता-विभागता एखाद्या पेशीत तो तिथून निघून जातो. वाक्य पुन्हा जुळतं, जनुक चालू होतं, ती पेशी लाल होते. आणि तिच्यापासून पुढे झालेली सगळी पेशींची प्रजाही लाल.

जपानी संशोधकांनी २०१४ साली गुलबक्षीच्या अशाच पिवळ्या-लाल झाडांत तो तुकडा आणि ते जनुक नेमकं दाखवून दिलं. असे फिरते तुकडे असतात हे मुळात बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या ठिपकेदार दाण्यांवरून १९४०च्या दशकात ओळखलं होतं. पुष्कळांना ते पटलं नाही. नोबेल मिळालं ते १९८३ साली, तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. एवढी वर्षं त्या आपल्या मक्याच्या कणसांकडे बघत राहिल्या, याचं मला फार अप्रूप आहे.

तुमच्या ४३ फुलांकडे आता पुन्हा बघा. तुकडा फूल तयार होताना अगदी शेवटी निघाला, तर त्या पेशीची दोन-चार विभाजनंच उरलेली असतात, म्हणून बारीक शिंतोडा. थोडा आधी निघाला तर पाचर. कळीची सुरुवात मोजक्या पेशींची असतानाच निघाला तर अर्धं फूल. आणि फांदी फुटतानाच, तिच्या कोंबातल्या पेशीत निघाला असेल तर ती सबंध फांदी लाल. तुमची तीन लाल फुलं एकाच फांदीवर आहेत, ती यामुळे. डाग जेवढा मोठा, तेवढी घटना जुनी.

---

कोयनाकाठ | २३ ऑगस्ट, संध्या. ६:२०

सर, तुमचं उत्तर रात्री मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंनी दोनदा वाचायला लावलं.

प्रयोग केला. लाल फांदीची फुलं वाटीत चुरडली. लिंबू पिळलं, रंग तसाच राहिला, अगदी किंचित उजळला असेल. दुसऱ्या वाटीत सासूबाईंच्या डबीतला चुना घातला आणि ढवळता-ढवळता लाल पाणी पिवळट झालं! शेजारी जास्वंदीचं पाणी ठेवलं होतं, त्यात चुना घातला तर ते हिरवट झालं.

चुन्याने पिवळं का झालं?

---

सूक्ष्मदर्शी | २३ ऑगस्ट, रात्री ९:३०

छान केलंत. तीव्र अल्कलीने लाल बेटालेनचा रेणू तुटतो आणि त्यातलं बेटालॅमिक आम्ल मोकळं होतं. ते पिवळं असतं. म्हणजे पेशीने जो जोड दिला होता तो तुम्ही वाटीत सोडवलात. न्हाणीचं पाणी मुळांना कितीही मिळालं तरी फुलाच्या पेशीच्या आत असं होत नाही. रंगद्रव्य पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पाण्याच्या पिशवीत असतं आणि तिथली आम्लता पेशी स्वतः सांभाळते.

---

चौकस | २४ ऑगस्ट, दुपारी ४:१०

सर, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीला आम्हाला गुलबक्षीचंच उदाहरण होतं, लाल आणि पांढरीचा संकर केला की पहिल्या पिढीत गुलाबी. अपूर्ण प्रभाविता. मग त्या संकरित झाडात पट्टे का नाही येत? एक जनुक लालचं, एक पांढऱ्याचं, तर काही पेशी लाल आणि काही पांढऱ्या व्हायला हव्यात ना?

---

सूक्ष्मदर्शी | २४ ऑगस्ट, रात्री १०:१५

फार चांगला प्रश्न.

ताकात हळद कालवणं वेगळं आणि ताकावर मोहरीची फोडणी घालणं वेगळं. गुलाबी फुलात प्रत्येक पेशीत दोन्ही जनुकं आहेत, एक चालू आणि एक बंद. चालू असलेलं एकटं जेवढं विकर पुरवतं तेवढाच रंग बनतो, म्हणून प्रत्येक पेशी सारखीच फिकी. तिथे पेशी-पेशीत भेद नाही. ही कालवलेली हळद. शिंतोड्यांच्या फुलात प्रत्येक पेशी एक तर पूर्ण लाल नाहीतर पूर्ण पिवळी, अधलीमधली कुणी नाही. ही मोहरी.

ताईंच्या झाडात लालच्या जनुकाच्या दोन्ही प्रती अडवलेल्या आहेत, नाहीतर झाड मुळात पिवळं दिसलंच नसतं. लाल-पांढऱ्याच्या संकरात एक प्रत अपुरी पडते, इथे मात्र दोनांपैकी एक मोकळी झाली तरी पेशी लाल होते.

आणि संकराचा इथे खरा संबंध वेगळ्याच जागी आहे. जपान्यांना सापडलेला तुकडा स्वतःच्या बळावर हलू शकत नाही. त्याला उचलून हलवणारं विकर दुसरीकडच्या, धडधाकट तुकड्याकडून यावं लागतं. आता असं झाड दुसऱ्या झाडाशी संकरित झालं, की पुढच्या पिढ्यांत या दोघांची वाटणी होते. एखाद्या रोपाला अडवणारा तुकडा मिळतो पण हलवणारा मिळत नाही. ते कायमचं निव्वळ पिवळं, एक शिंतोडा नाही. भावंडाला दोन्ही मिळतात, त्याच्यावर रोज नवी नक्षी. लांबच्या नात्यातल्या झाडांचा संकर झाला की झोपलेले तुकडेही कधीकधी जागे होतात, हे मॅक्लिंटॉक यांनी नोबेलच्या व्याख्यानात आवर्जून मांडलं होतं.

थोडा इतिहास सांगतो, कारण गुलबक्षीला तिचा मान मिळत नाही. सगळे मेंडेलचा वाटाणा सांगतात. पण मेंडेलने गुलबक्षीवरही काम केलं होतं. एक बी धरायला एक परागकण पुरत नाही, असं तेव्हा फ्रान्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ नोदँ यांचं म्हणणं होतं आणि डार्विननेही ते उचललं होतं. गुलबक्षीच्या फुलात एकच बीजांड असतं आणि परागकण इतके मोठे की एकेक वेगळा उचलता येतो. मेंडेलने एका फुलाला एकच परागकण लावून पाहिलं आणि १८ चांगल्या भरलेल्या बिया मिळवल्या. १८७० साली वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांना लिहिलेल्या पत्रात त्याने हे कळवलंय. पुढे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कॉरेन्स यांनी याच झाडावर लाल-पांढऱ्याचा संकर केला आणि १९०९ साली पानांवरच्या पांढऱ्या-हिरव्या डागांचं कोडं सोडवलं. ज्या फांदीवर बी धरली त्या फांदीच्या पानांसारखं रोप येतं, परागकण कुठल्याही फांदीचा असो. कारण हरितद्रव्याचे कण बीजांडातून, म्हणजे आईकडून येतात.

फुलांचे पट्टे मात्र त्या वाटेने जात नाहीत. त्यात आई-बापाचा सारखाच वाटा. पानांचे डाग आणि फुलांचे डाग, दिसायला बहिणी, पण कारणं अगदी वेगळी.

---

गच्चीवरची_बाग | २५ ऑगस्ट, सकाळी ७:५०

आम्लतेबद्दल मी चुकले होते, पण त्यामुळे इतकं वाचायला मिळालं!

आता माझं दुःख सांगते. गेल्या दिवाळीत पुण्यातल्या एका नर्सरीतून पेटुनियाची बारा रोपं आणली. जांभळ्या फुलावर पांढरी पाच टोकांची चांदणी. डिसेंबरात झकास होती. फेब्रुवारीत काही फुलांवर चांदणी नुसती रेघेएवढी, काही पूर्ण जांभळी. विचारायला गेले तर म्हणाले, ‘तुमचं पाणी चुकलं, नाहीतर खत जास्त झालं.’ मी महिनाभर स्वतःला दोष देत होते. तिथेही हे फिरते तुकडेच का?

---

सूक्ष्मदर्शी | २५ ऑगस्ट, रात्री ११:००

नाही, आणि तुमचंही काही चुकलं नव्हतं. चांदणीच्या पेटुनियात तुकडा-बिकडा बसलेला नाही. पांढऱ्या भागातल्या पेशींतही रंगाचं जनुक शाबूत असतं, चालूही असतं. पण जनुकाचा निरोप घेऊन निघालेला आरएनए पेशी वाटेतच कापून टाकते. या झाडांत रंगाचं एक महत्त्वाचं जनुक शेजारी-शेजारी दोनदा आलेलं आहे. त्यामुळे पेशीला तो निरोप परका वाटतो, विषाणूचा असावा तसा, आणि ती त्याचे तुकडे करते. हे फुलाच्या ठरावीक पट्ट्यांतच होतं म्हणून चांदणी. हे कापणं किती जोराने चालेल ते तापमानावर आणि उजेडावर अवलंबून असतं. पुण्यात फेब्रुवारीत हवा बदलली, त्यामुळे तुमच्या चांदण्या बारीक झाल्या असाव्यात. गंमत बघा, अशा झाडाला काही विषाणू लागले तर पांढऱ्या भागात पुन्हा रंग येतो, कारण विषाणू पेशीची ही कात्रीच बोथट करतो.

यामागची कथा मला फार आवडते. १९९०च्या सुमारास कॅलिफोर्नियात रिचर्ड जॉर्गेनसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पेटुनियाचा जांभळा आणखी गडद करायचा होता. रंगाच्या जनुकाची एक जादा प्रत घातली. फुलं आली ती कितीतरी झाडांवर पांढरीशुभ्र, काहींवर पांढरे पट्टे. जास्त दिलं आणि होतं तेही गेलं. ती फुलं त्यांनी ‘प्रयोग फसला’ म्हणून फेकली नाहीत, जे दिसलं ते छापलं. पुढे फायर आणि मेलो यांनी कृमींवर काम करून १९९८ साली या कापाकापीमागे दुपदरी आरएनए आहे हे दाखवलं. त्यांना २००६ चं नोबेल मिळालं. आज त्यावर आधारलेली औषधंही आहेत.

आणि एक. ही रोपं पहिल्या पिढीच्या संकरित बियाण्याची असतील, तर त्यांचं बी धरून ठेवू नका. पुढच्या पिढीत रंग, उंची, चांदणी सगळं विखुरतं. आवडलेलं रोप जपायचं असेल तर शेंडा खुडून लावा.

---

गच्चीवरची_बाग | २६ ऑगस्ट, सकाळी ८:००

मनापासून आभार, सर. इतके दिवस मनात सल होता.

---

टोकाची_पानं | २७ ऑगस्ट, सकाळी ६:३५

न्यू जर्सीहून. आमच्याकडे गुलबक्षी आहे, आईने पर्समधून आणलेल्या बियांची. इथे पहिल्या हिमाआधी कंद खणून काढावे लागतात, मी ते तळघरात कोरड्या भुश्यात ठेवते आणि मे महिन्यात पुन्हा लावते.

विचारायचं होतं ते बोगनवेलीबद्दल. पुण्याच्या घरी कुंपणावर ‘मेरी पामर’ आहे, एकाच वेलावर पांढरी आणि राणी कागदी फुलं. गेल्या दोन वर्षांत एक बाजू पूर्ण राणी झाली आणि तीच जोरात वाढतेय. तीही गुलबक्षीच्याच कुळातली ना? तिथेही तुकडाच उडतो का?

---

मातीतला_माणूस | २७ ऑगस्ट, दुपारी २:००

कारण सर सांगतील, पण इलाज मी सांगतो. राणी फांद्या बुडापासून छाटा, अगदी जिथून फुटल्या तिथून. अर्ध्यावर छाटल्या तर खालचे डोळे पुन्हा राणीच फुटतात. आणि छाटकलम करायचं तर जिच्यावर दोन्ही रंग दिसतायत अशीच फांदी घ्या.

---

सूक्ष्मदर्शी | २७ ऑगस्ट, रात्री १०:४०

इलाज बरोबर. कारण असं.

फांदीच्या टोकाचा कोंब उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पेशींचे थर दिसतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक. सगळ्यात बाहेरचा थर फक्त साल बनवतो. त्याच्या आतला थर पुढे परागकण आणि बीजांडं देतो. तिसरा आतला गाभा. हे थर बहुधा आपापल्या मर्यादेत वाढतात. एका थरात रंगाचा बदल झाला आणि बाकीचे थर जुनेच राहिले, तर ते झाड म्हणजे एकाच अंगात नांदणारी दोन कुटुंबं. याला कायमेरा म्हणतात. ‘मेरी पामर’ कोलकात्यात आधीच्या एका वाणावर अचानक आलेल्या फांदीतून निवडली गेली, आणि तिच्या दोन रंगांचं स्पष्टीकरण असंच देतात. कधी एका थरातली पेशी घसरून शेजारच्या थरात जाते आणि तिथे राज्य करू लागते. मग ती फांदी एकरंगी होते. तुमची राणी बाजू बहुतेक तशी झाली असावी.

इथे एक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्याला फुलाचा रंग दिसतो तो मुख्यतः बाहेरच्या थरात. बी येतं आतल्या थरातून. म्हणून फांदीचा रंग छाटाने टिकतो, पण तिच्या बियांतून येईलच असं नाही. मातीतला_माणूस यांचे वाडवडील शेवंतीचे शेंडे लावत आले, बी नाही, त्यामागे हेच शहाणपण होतं.

---

कोयनाकाठ | २८ ऑगस्ट, संध्या. ७:००

मग माझ्या लाल फांदीचं बी धरलं तर काय येईल? म्हणजे तुकडा कुठल्या थरातून निघाला ते बियांवरून कळेल, हो ना सर?

---

सूक्ष्मदर्शी | २८ ऑगस्ट, रात्री ९:४५

हो, ताई. त्याहून चांगली परीक्षा नाही. मात्र फुलं झाकावी लागतील. रात्री मोठे पतंग येतात आणि शेजारच्या राणी झाडाचे पराग आणून टाकतात. संध्याकाळी उमलायच्या आधी, तीन वाजता, कळीला पातळ कापडाची पिशवी बांधा. परागण करायची गरज नाही. सकाळी फूल मिटताना पुंकेसर आणि कुक्षी आपोआप एकमेकांत गुंडाळले जातात आणि बी धरते.

फक्त बाहेरच्या थरात बदल असेल तर रोपं आईसारखीच, पिवळी-शिंतोड्यांची येतील. आतल्या थरातही असेल तर चारांतली तीनेक लाल आणि एक पिवळं, या हिशेबात.

---

चौकस | ९ सप्टेंबर, संध्या. ५:३०

सर, आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला मी शिंतोड्यांचं फूल नेलं. लाल-पिवळ्याच्या सीमेवरची साल ब्लेडने सोलून पाण्याच्या थेंबात ठेवली. विश्वास बसणार नाही इतकं स्वच्छ दिसलं. एक पेशी काठोकाठ लाल, तिला चिकटून असलेली पिवळी, आणि मधे नुसती पेशीभित्तिका. रंग एकीतून दुसरीत जराही झिरपलेला नाही. सीमा सरळ नव्हती, पायऱ्या-पायऱ्यांची होती, विटांच्या भिंतीची बाजू असते तशी. एका अगदी बारीक ठिपक्यातल्या लाल पेशी मोजल्या. अकरा भरल्या, सगळ्या लांबट एका पट्टीत.

---

सूक्ष्मदर्शी | ९ सप्टेंबर, रात्री १०:००

अकरा! एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ, आणि त्यांतल्या काहींची आणखी एकदा. म्हणजे कळी उमलायला तयार होण्याआधी शेवटची तीन-चार विभाजनं उरलेली असताना एका पेशीत तुकडा निघाला आणि तू तिची नातवंडं-पतवंडं मोजलीस. एका पट्टीत आहेत, कारण नळीच्या पेशी लांबीच्या दिशेनेच जास्त विभागतात. हे चित्र वहीत काढून ठेव.

---

कोयनाकाठ | १९ जुलै, संध्या. ८:१५

मंडळी, धागा वर आणते आहे. विसरले नव्हते.

सप्टेंबरात सासूबाईंच्या जुन्या मलमलीच्या लुगड्याच्या पिशव्या शिवल्या, बोटाएवढ्या. रोज तीन वाजता कळ्यांना बांधायच्या, सकाळी फूल मिटलं की काढायच्या आणि देठाला दोरा बांधून खूण करायची. लाल फांदीला लाल दोरा, शिंतोड्यांच्या फांदीला पांढरा. दसऱ्यापर्यंत लाल दोऱ्याच्या १६ आणि पांढऱ्याच्या १८ बिया हाती आल्या.

मेच्या पहिल्या आठवड्यात रात्रभर भिजवून पिशव्यांत लावल्या. आठ-दहा दिवसांत उगवल्या. काही गोगलगायींनी खाल्ल्या, फार वाईट वाटलं. आता सगळी फुलावर आहेत.

पांढऱ्या दोऱ्याची १५ जगली. १४ पिवळी-शिंतोड्यांची, आईसारखी. एक संपूर्ण लाल! त्या बियेच्या फुलावर डाग होता की नव्हता ते मी लिहून ठेवलं नव्हतं, याची आता हळहळ वाटते.

लाल दोऱ्याची १३ जगली. १० लाल, ३ पिवळी-शिंतोड्यांची. सर, म्हणजे आतल्या थरातूनही तुकडा निघाला होता ना?

---

सूक्ष्मदर्शी | १९ जुलै, रात्री ९:२०

हो. निघाला होता, आणि एकाच प्रतीतून. दुसरी प्रत अजून अडवलेली आहे, ती या तीन पिवळ्या रोपांत पुन्हा दोन्हीकडून एकत्र आली. तेरा रोपांचा हिशेब लहान आहे, पण बोट त्याच दिशेला दाखवतोय. पांढऱ्या दोऱ्याच्या एकुलत्या लाल रोपात परागकण किंवा बीजांड तयार होण्याच्या सुमारास उडी झाली असणार. ताई, मला तुमच्या दोन्ही दोऱ्यांच्या थोड्या बिया पाठवाल? नातीबरोबर लावेन.

---

मातीतला_माणूस | २० जुलै, सकाळी ६:१०

ताई, मलाही द्या. दहा लाल रोपांतली तीनेक आता पक्की लाल असतील, पुढे कधी पिवळं न देणारी. प्रत्येकीचं बी वेगळं धरा, पुढच्या वर्षी कुठली पक्की ते कळेल.

---

कोयनाकाठ | २० जुलै, संध्या. ५:५०

नक्की देणार. लाल रोपांना १ ते १० आकडे घातलेत, खडूने कुंड्यांवर आणि सासूबाईंच्या वहीतही. आज पावणेपाचला ४ नंबर उमललं. लाल आहे, पण कडेला नखाएवढा पिवळा ठिपका आहे. लालात पिवळा! सर, हा कसा आला? फोटो उद्या उजेडात काढते, आता अंधारून आलंय आणि पाऊस सुरू झालाय.